छातीवरचा कीलॉइड आणि हातावरचा भाजल्याचा व्रण : नऊ महिन्यांच्या उपचारांनंतर

माझ्या छातीच्या मधोमध, एका साध्या पुळीच्या जागी, दोन वर्षांपूर्वी कीलॉइड, म्हणजे जखमेच्या जागी वाढत जाणारा टणक, गाठीसारखा व्रण, वाढू लागला. गेल्या दिवाळीत चकल्या तळताना उजव्या हातावर तेल उडाले आणि दोन महिन्यांत तिथेही लाल, जाड वळ उठला. नागपुरातल्या धरमपेठेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी दोन्हींतला फरक समजावला : हातावरचा हायपरट्रॉफिक (जाड होऊन उठलेला) व्रण मूळ जखमेची हद्द ओलांडत नाही आणि काही काळाने आपोआप बसूही शकतो, कीलॉइड मात्र निरोगी त्वचेत पसरत जातो आणि सहसा आपणहून जात नाही. म्हणूनच, कोणता व्रण होता हे न सांगता दाखवलेल्या ‘आधी आणि नंतर’च्या छायाचित्रांवर मी आता विश्वास ठेवत नाही.

जानेवारीपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच खिडकीच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून मी फोटो काढले. डॉक्टर वापरतात त्या व्हँकुव्हर मोजमापात व्रणाचा रंग, लाली, मऊपणा आणि उंची पाहतात. खाज त्यात धरलेलीच नाही. मला तर रात्री खाजेनेच जाग येत असे, म्हणून मी तिला रोज शून्य ते दहा असे गुण देऊन वहीत लिहीत गेले.

हातावर सिलिकॉन शीट, म्हणजे व्रणावर चिकटवायची मऊ पट्टी, लावली. ती दिवसाला किमान बारा तास आणि निदान तीन महिने लावायची असते, शिवाय रोज सौम्य साबणाने धुऊन वाळवावी लागते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला, शीटखाली घाम साचून घामोळे उठले आणि दहा दिवस ती बंद ठेवावी लागली. पुढे फक्त रात्री, कूलरसमोर झोपताना लावली. आज व्रण जवळजवळ सपाट आहे, पण त्याचे सगळे श्रेय मी शीटला देणार नाही, कारण असा व्रण शीटविनाही बसू शकला असता.

छातीवरच्या कीलॉइडमध्ये ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडची सहा इंजेक्शने झाली, दर चार आठवड्यांनी एक. पहिल्या वेळी गाठ इतकी टणक होती की डॉक्टरांना सिरिंजचा दट्ट्या अंगठ्याने जोर लावून दाबावा लागला; औषध शिरताच गाठ पांढरी पडली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. तिसऱ्या वेळेपासून सुई सहज जाऊ लागली. उंची चार मिलिमीटरवरून एकवर आली, खाज दुसऱ्या इंजेक्शननंतरच थांबली. भोवती फिकट कडे पडले आहे आणि बारीक लाल शिरा दिसतात. हे दुष्परिणाम आधी सांगितले होते, म्हणून मी ते स्वीकारले.

त्याआधी एका दवाखान्यात मला ‘कापून टाकू, विषय संपेल’ असे सांगितले होते. नुसता कापलेला कीलॉइड निम्म्याहून अधिक वेळा परत येतो आणि शस्त्रक्रियेनंतर इंजेक्शन किंवा रेडिएशनची जोड द्यावी लागते, हे तिथे कोणी सांगितले नाही, याचा राग अजून जात नाही.

शेवटचे इंजेक्शन जूनमध्ये झाले. गेल्या आठवड्यात डाव्या कडेला पुन्हा किंचित खाज जाणवली. वहीत दोन गुण लिहिले आणि सोमवारची वेळ घेतली आहे.