झेब्राफिश की सागरी मेडाका?

समुद्राच्या पाण्यातलं तेल किंवा जड धातू किती घातक, हे तपासायला या दोन छोट्या माशांपैकी कोणाचे भ्रूण घ्यावेत, असा पेच असेल तर आधी क्षारता बघा. झेब्राफिश गोड्या पाण्यातला. समुद्राचा नमुना तसाच दिला तर भ्रूण मिठानेच मरतात आणि खापर प्रदूषणावर फुटतं. गोडं पाणी घातलं, तर प्रदूषकही पातळ होतो. सागरी मेडाका हजारी ३५ भाग मिठातही नीट वाढतो.

वेळेत मात्र झेब्राफिश पुढे. २६ अंशांना ९६ तासांत चाचणी संपते. प्रदूषकाच्या दर मात्रेला २० भ्रूण, चाचणीच्या तबकडीतल्या एका खणात एकच. एक जोडी एका सकाळी शंभरावर अंडी देते. मेडाकाची मोजकीच, आणि उबायला साधारण दहा दिवस. शिवाय या अंड्यांवरच्या चिवट तंतूंचा गुंता होतो. ओल्या बोटांत हलकेच फिरवून अंडी सुटी करा, नाहीतर एका अंड्याची बुरशी सगळा घोस नासवते.

तेलाची खूण दोन्हींत सारखीच: हृदयाभोवती पाणी साठतं, ठोके मंदावतात. भांडी काचेचीच घ्या. प्लास्टिक तेलातले घटक शोषून घेतं.

बऱ्याच रसायनांची झटपट चाळणी करायची तर झेब्राफिश. बंदराचा खरा नमुना तपासायचा असेल, तर वेळ काढून मेडाकाच.