कारेलीबागेतल्या घराचे कॅमेरे आणि क्लाउड साठवण : वर्षभराच्या वापरानंतर

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचे पाणी वडोदऱ्यात शिरले, तेव्हा कारेलीबागेतील माझ्या मावशीच्या बंगल्यात तळमजल्यावर कमरेइतके पाणी होते. टीव्हीखालच्या कपाटातला डीव्हीआर हार्ड डिस्कसकट त्यात गेला. कॅमेरे भिंतीवर उंच असल्याने वाचले, पण त्यांनी टिपलेले सारे ज्या डब्यात होते, तो डबाच गाळाने भरलेला सापडला. पुराऐवजी चोरी झाली असती तरी हेच झाले असते, कारण माहीतगार चोर जाताना डीव्हीआर उचलून नेतो. मावशी एकटी राहते. पाणी ओसरल्यावर तिने एकच सांगितले, "आता जे बसवशील ते घरात साठवू नकोस." त्यामुळे नवरात्राच्या सुमारास आम्ही जुने ॲनालॉग कॅमेरे काढून तीन नेटवर्क कॅमेरे बसवले आणि त्यांना एका भारतीय कंपनीची क्लाउड साठवण, म्हणजे इंटरनेटवरून तिच्या सर्व्हरवर चित्रे ठेवण्याची सेवा, जोडली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. पुढचे बरेचसे मुद्दे अशा कोणत्याही सेवेला लावून पाहता येतील.

कॅमेरा क्लाउडला जोडण्याच्या दोन पद्धती या सेवेत आहेत. पहिलीत कंपनीचा सर्व्हर बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत येतो आणि चित्र ओढून घेतो. त्यासाठी राउटरवर कॅमेऱ्याचे 554 क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडावे लागते आणि घराच्या जोडणीला इंटरनेटवर स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता असावा लागतो. आमच्या इंटरनेट कंपनीने अनेक घरांमागे एकच पत्ता वाटून दिलेला असल्याने हा मार्ग आपोआपच बंद होता, आणि तो बंद होता हे बरेच झाले. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते असेच इंटरनेटवर उघडे राहिलेले आणि कारखान्यातलाच पासवर्ड असलेले होते. कोणी तंत्रज्ञ "पोर्ट खोलून देतो" म्हणाला, तर त्याला नम्रपणे नको म्हणावे आणि राउटरमधले यूपीएनपीही (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करून घ्यावे.

दुसऱ्या पद्धतीत कॅमेरा स्वतः आतून बाहेर जोडणी करतो आणि हालचाल दिसली की त्या प्रसंगाची क्लिप एफटीपीएसने (फाइल पाठवण्याच्या एफटीपी पद्धतीचे सुरक्षित रूप) कंपनीच्या सर्व्हरवर टाकतो. आम्ही हीच घेतली. कंपनी सर्व्हरचा पत्ता, वापरनाव, पासवर्ड आणि प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळे फोल्डर देते. ही माहिती कॅमेऱ्याच्या वेबपानावर भरली की जोडणी पूर्ण व्हायला हवी. आमची पहिल्या दिवशी झाली नाही. चाचणीचे बटण दाबले की लॉगिन यशस्वी दिसे आणि फाइल मात्र लिहिली जात नसे. कारण साधे होते. एफटीपीमध्ये आज्ञांची जोडणी वेगळी आणि फाइलची वेगळी असते. ॲक्टिव्ह पद्धतीत फाइलची जोडणी सर्व्हर कॅमेऱ्याकडे उघडू पाहतो आणि राउटर ती अडवतो. पॅसिव्ह निवडल्यावर दोन्ही जोडण्या कॅमेराच उघडतो. कंपनीच्या मार्गदर्शक पत्रकात या एका शब्दाचा उल्लेख असता, तर माझी एक संध्याकाळ वाचली असती.

चोवीस तासांचे रेकॉर्डिंग क्लाउडवर पाठवावे का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. हिशेब पाहा. एका कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला 2 मेगाबिट धरले, तर दिवसाला 21.6 जीबी होतात, तीन कॅमेऱ्यांचे महिन्याला 1,900 जीबीच्या वर. घरगुती फायबरवर एवढे अपलोड सतत चालू ठेवणे आणि त्याच्या साठवणीचे पैसे भरणे, दोन्ही मला अवाजवी वाटते. म्हणून सलग रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर होते, आणि क्लाउडवर फक्त प्रसंगाच्या क्लिपा जातात: हालचालीआधीचे पाच सेकंद आणि नंतरचे पंधरा. साठवण तीस दिवसांची आहे आणि दर कॅमेऱ्यामागे महिन्याला दोनशे रुपयांच्या आत भागते. या किमतीत सेवा स्वस्तच म्हणावी लागेल.

मात्र क्लिपांना दिवसाची मर्यादा आहे आणि ती कधी भरेल हे आपल्या गावावर अवलंबून असते. वडोदऱ्यात ती उत्तरायणाला भरते. 14 जानेवारीला सकाळी नऊच्या आधीच गच्चीवरच्या कॅमेऱ्याची मर्यादा संपली होती, कारण प्रत्येक पतंग, प्रत्येक लोंबणारा दोरा त्याच्या लेखी हालचाल होता. दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणालाही तेच झाले. त्यानंतर मी हालचाल टिपण्याचा भाग आखून आकाश वगळले आणि फक्त माणूस दिसल्यावरच क्लिप करण्याची सोय सुरू केली. अंगणातल्या कडुनिंबाच्या सावलीने होणाऱ्या फुकटच्या क्लिपाही त्याने थांबल्या.

आता मुख्य तक्रार. 2025 च्या जूनमध्ये एका वादळी पावसात वीज इतका वेळ गेली, की इन्व्हर्टरही संपला. दुपारी चार वाजता वीज आली, फोनवर तिन्ही कॅमेऱ्यांचे थेट चित्र दिसू लागले, ॲपमध्ये तिघांपुढे हिरवा ठिपका आला आणि आम्ही निश्चिंत झालो. अकराव्या दिवशी सकाळी साडेसातला एका टेम्पोने मागे येताना फाटकाचा खांब पाडला. मी क्लिप शोधायला क्लाउड उघडले, तर शेवटची क्लिप वीज गेली त्या दिवसाची होती. मधल्या अकरा दिवसांत एकही फाइल वर गेलेली नव्हती.

झाले होते असे. या कॅमेऱ्यांत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नाही. बसवताना तंत्रज्ञाने वेळ लॅपटॉपवरून एकदाच भरली होती आणि इंटरनेटवरून वेळ घेण्याची एनटीपी सोय बंदच राहिली होती. वीज परत आल्यावर कॅमेऱ्याचे घड्याळ 1 जानेवारी 1970, सकाळी 5:30 पासून सुरू झाले. संगणकांचा काळ त्या दिवसाच्या जागतिक वेळेतल्या (यूटीसी) मध्यरात्रीपासून मोजला जातो आणि भारतीय वेळ त्यापुढे साडेपाच तास असते. सुरक्षित जोडणी करताना कॅमेरा सर्व्हरचे प्रमाणपत्र (त्याची ओळख पटवणारी, ठरावीक मुदतीची डिजिटल फाइल) तपासतो, आणि 1970 साली असलेल्या कॅमेऱ्याला आजचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते. त्यामुळे तो प्रत्येक वेळी जोडणी नाकारत राहिला. थेट चित्र वेगळ्या वाटेने येत असल्याने तो हिरवा ठिपका साठवणीबद्दल काहीच सांगत नव्हता, आणि चित्राच्या कोपऱ्यातल्या बारीक तारखेकडे आम्हा कोणाचेच लक्ष गेले नाही.

मेमरी कार्डाने लाज राखली. त्यात 19700111 नावाच्या फोल्डरमध्ये ती सकाळ मिळाली: चित्रात कोवळे ऊन, फाटकाशी मागे येणारा टेम्पो, आणि कोपऱ्यात रात्रीचे नऊ वाजलेले. टेम्पोवाल्याने क्लिप पाहिली आणि खांबाचा खर्च मान्य केला, म्हणून प्रकरण तिथेच मिटले. पण ते पोलिसांत किंवा न्यायालयात गेले असते, तर पंचावन्न वर्षे जुनी तारीख छापलेली क्लिप पुरावा म्हणून समजावून सांगता सांगता पुरेवाट झाली असती. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा फाइलसोबत लेखी प्रमाणपत्र आणि तिचे हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे तपासता येणारा, फाइलवरूनच काढलेला आकडा) द्यावे लागते.

कंपनीला फोन केला, तेव्हा उत्तर सौजन्याने मिळाले, पण मला ते पटलेले नाही. "तुमच्या कॅमेऱ्याकडून फाइल येत नव्हती, आमच्या बाजूने सर्व्हर चालू होता." घड्याळ चुकले ही आमची चूक होती, हे मी मान्य करतो. परंतु ज्या सेवेचे कामच फाइल स्वीकारण्याचे आहे, तिला रोज तीस-चाळीस क्लिपा पाठवणारे घर अकस्मात गप्प झाल्याचे कळू नये, आणि कळत असल्यास तिने ग्राहकाला सांगू नये, हे मला गंभीर वाटते. खोदून विचारल्यावर समजले, की अशी सूचना पाठवण्याची सोय त्यांच्याकडे आहे. ती मोबाइल ॲपमध्ये नाही, वेबवरील खात्यात आहे, आणि मुळात बंद ठेवलेली असते. ती पहिल्या दिवसापासून चालू असायला हवी. माझे गुण इथेच कापले गेले आहेत.

बाकी गोष्टींत सेवा चोख आहे. कॅमेऱ्याला दिलेल्या वापरनावाने फाइल टाकता येते, पुसता येत नाही. मी स्वतः लॅपटॉपवरून पुसून पाहण्याचा प्रयत्न केला आणि सर्व्हरने नकार दिला. कोणी कॅमेरा तोडून त्यातला पासवर्ड काढला, तरी आधीच्या क्लिपा सुरक्षित राहतील. खात्यात शिरताना ओटीपी लागतो. उतरवून घेतलेली फाइल मूळचीच असते, पुन्हा दाबून लहान केलेली नसते. मात्र साठवलेल्या क्लिपांच्या कूटबद्धतेची किल्ली कंपनीकडेच राहते, म्हणजे तिने ठरवले तर चित्र पाहू शकते. हे मावशीला समजावले, तेव्हा तिने लगेच ठरवले, "फाटक, गच्ची आणि मागचे दार. घरात एकही नको." मला तिचे म्हणणे पूर्णपणे योग्य वाटले.

आता तिन्ही कॅमेऱ्यांत एनटीपी चालू आहे आणि वेबवरील खात्यातली ती सूचनाही. राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावला आहे, पण कॅमेऱ्यांना केबलमधून वीज देणारा स्विच 48 व्होल्टवर चालतो आणि त्या यूपीएसवर बसत नाही, म्हणून तो इन्व्हर्टरच्या वेगळ्या प्लगवर घेतला. नवा कॅमेरा घेणाऱ्यांनी हेही पाहावे, की एप्रिल 2025 पासून भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा-चाचणी सक्तीची आहे. याशिवाय क्लाउडला जोडलेला प्रत्येक कॅमेरा दर तासाला एक स्थिर चित्र क्लाउडवर पाठवतो, त्यामुळे घरी हालचाल नसतानाही फाइल यायलाच हवी.

फाटक आणि गच्ची यांच्यासाठी आम्ही वर्षभराचे पैसे पुन्हा भरले आहेत. मागच्या दाराला कार्ड पुरेसे वाटले. पाचांपैकी साडेतीन गुण देतो. सूचना येते का हे पाहण्यासाठी दर महिन्याच्या एक तारखेला मी फाटकाच्या कॅमेऱ्याची केबल स्विचमधून काढतो आणि मावशीकडे चहा घेत बसतो. मागच्या खेपेला कंपनीची सूचना एक तास दहा मिनिटांनी आली.