फळांचा अर्क आणि उष्णतेचा ताण: चाचणीसाठी सूत्रकृमी घ्यावा की फळमाशी?

ऑक्सिडीकरणरोधक (अँटिऑक्सिडंट) घटकांनी समृद्ध असलेला फळांचा अर्क उष्णता सोसण्याचे बळ देतो का, हे तपासू पाहणाऱ्यासमोर बहुधा दोन पर्याय असतात: सी. एलिगन्स हा सूत्रकृमी आणि ड्रॉसोफिला ही फळमाशी.

सूत्रकृमी जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक आणि स्वफलनाने (स्वतःच्याच अंड्यांचे स्वतः फलन करून) वाढणारा असल्यामुळे जवळजवळ एकसारख्या जनुकांचे शेकडो प्राणी एका वेळी मिळतात. एरवी २० अंश सेल्सिअसला वाढवलेले कृमी ३५ अंशांवर ठेवले, तर बहुतेक एका दिवसाच्या आत मरतात आणि निष्कर्ष लवकर हाती येतो. ब्लूबेरीतील पॉलिफेनॉलांनी (वनस्पतींतील ऑक्सिडीकरणरोधक संयुगांनी) या कृमीचे आयुष्य व उष्णता-सहनशीलता वाढल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे, हा परिणाम केवळ ऑक्सिडीकरणरोधक गुणामुळे होतो असे त्या अभ्यासात दिसले नाही. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो, कारण परीक्षानळीत मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) शोषून घेणारा अर्क शरीरात तेच काम करेल, असे आपण फार सहज गृहीत धरतो. अर्क मुळात सौम्य ताण देऊन पेशीची स्वतःची संरक्षणयंत्रणा जागी करत असेल, हीही शक्यता तपासावी लागते. कृमीची मोठी अडचण त्याच्या अन्नात आहे: तो ई. कोलाय जिवाणू खातो आणि अर्क त्या जिवाणूंची वाढ रोखू शकतो किंवा जिवाणूच अर्काचे रूपांतर करू शकतात. म्हणून मृत जिवाणूंवर वाढवलेला एक गट ठेवल्याशिवाय निष्कर्षावर विसंबू नये.

अचानक वाढलेल्या उष्णतेला पेशी देत असलेल्या प्रतिसादाचा शोध मुळात फळमाशीच्या एका जातीतच लागला. फेरुच्चिओ रितोसा यांनी तो १९६२ मध्ये मांडला. माशीला हृदय, मेदपिंड (चरबी साठवणारा अवयव) आणि गुंतागुंतीचा मेंदू असल्याने ऊतीनिहाय परिणाम पाहता येतो, शिवाय नर व मादी वेगळे तपासता येतात. मात्र ती दोन-तीन महिने जगते, त्यामुळे आयुर्मानाचा प्रयोग लांबतो. अर्काची चव न रुचल्यास माशी कमी खाते आणि उपासमारीचा परिणाम अर्काच्या नावावर जमा होतो. अन्नात रंग मिसळून तिने किती खाल्ले, हे मोजावेच लागते.

अनेक अर्क किंवा अनेक मात्रा चाळायच्या असतील, तर मी कृमीच निवडेन. अर्क कोणत्या अवयवाला वाचवतो, हे विचारायचे असेल तर माशी घ्यावी. दोन्हींत अर्काइतकीच साखर व आम्लता असलेला, पण पॉलिफेनॉलविरहित तुलनागट ठेवावा.