वेताच्या तलवारीला टोक कसलं? काथ्या, चेंडू, रबरी बूट की फोम

सरावाच्या तलवारीला बांबूपेक्षा वेत बरा. बांबू पिचला की धारदार कामट्या निघतात, वेत भरीव असल्यानं केरसुणीसारखा पिंजत जातो. पण टोकाचा वार करायचा असेल तर वेतही निर्धोक नाही. ३२ मि.मी. जाडीच्या वेताचं टोक म्हणजे जेमतेम ८ चौ. सें.मी.; सगळा जोर तेवढ्यावर येतो.

म्हणून गादी हवी, आणि ती खरोखर दबायला हवी. ६०० ग्रॅमची तलवार सेकंदाला ५ मीटर वेगानं लागली आणि ३ मि.मी.त थांबली, तर सरासरी जोर सुमारे २५० किलो वजनाइतका येतो. १२ मि.मी.त थांबली तर ६० च्या आसपास, २५ मि.मी.त थांबली तर ३० च्या. हा हिशेब नुसत्या काठीचा. मागून हात आणि खांदा रेटत असतो तो वेगळाच. अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झालेल्या आणि वेताच्या तलवारींनी मध्ययुगीन लढाया खेळणाऱ्या एससीए संस्थेच्या नियमात टोक किमान सव्वा इंच रुंद हवं आणि ते किमान अर्धा इंच दबायला हवं, असं आहे. तो आकडा किमान समजा.

आता कोकणात सहज हाती लागणारे चार पर्याय पाहू.

काथ्या सगळ्यात आधी सुचतो, कारण तो दारात असतो. खाऱ्या पाण्यात तो लवकर कुजत नाही हे खरं, पण ठोके खाऊन त्याचा घट्ट गोळा होतो आणि एकदा बसला की परत फुगत नाही. वरून कापड तसंच दिसतं, आत गोटा. बाद.

काठीचा रबरी बूट म्हाताऱ्या माणसाचा भार पेलायला बनवलेला असतो, म्हणजे न दबणं हाच त्याचा गुण. काहींच्या तळाशी लोखंडी चकतीही असते. वेताचं टोक पिंजू नये म्हणून ठीक, माणसावर नाही.

टेनिसचा चेंडू दिसायला सगळ्यात सुरक्षित, आणि फसवतो तोही इथेच. भोक पाडून वेत आत सरकवला की दोन-चार वारांत तो पुढच्या भिंतीला जाऊन टेकतो. मग मध्ये उरतं ते फक्त चेंडूचं रबर. शिवाय भोकाच्या कडेनं चेंडू उकलतो. आत स्पंज ठासून आणि वेताला आडवी पट्टी बांधून सरकणं थोपवता येतं, पण ते पोत्यावरच्या सरावापुरतं ठेवा.

राहिला फोम. गादीचा साधा स्पंज नको: तो पाणी पितो, आणि वर्षाला ३००० मि.मी.च्या वर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत जूनमध्ये भिजलेला स्पंज गणपतीपर्यंत धड वाळत नाही. ईव्हीए नावाच्या फोमची योगा मॅट किंवा एसीच्या पाइपवरचा काळा नायट्रिल फोम घ्या. दोन्ही बंद पेशींचे, पाणी न शोषणारे. नायट्रिल जास्त मऊ, पण लवकर बसतो. नेहमीच्या सरावाला ईव्हीएची मॅट उजवी.

फोम फाटतो तो बहुधा बाहेरून नाही, आतून. वेताची कापलेली कड फोममध्ये वडी पाडल्यासारखी घुसते. म्हणून आधी कड कानसीनं गोल करा आणि शेवटच्या ५ सें.मी.ला फायबर टेपचे दोन वेढे द्या. त्यावर चपलेच्या तळाची ६ मि.मी. जाड कडक चकती बसवा. तिच्यावर ६ मि.मी. मॅटच्या ३८ मि.मी. व्यासाच्या चार चकत्या. चिकटवायला मोच्याकडचं सोल्यूशन. दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, मग जोडा. गादीची उंची रुंदीपेक्षा जास्त झाली तर ती बाजूला दुमडते आणि वेत उघडा पडतो.

टेपच्या दोन पट्ट्या टोकावरून अधिकच्या चिन्हासारख्या घ्या, मग भोवती कापडी टेप. इथे हात आवरा. ताणून गुंडाळलेली टेप फोम आधीच दाबून ठेवते आणि मेहनत वाया जाते. हवा निघायला बाजूला छोटी चीर ठेवा. मे महिन्याच्या उन्हात टेपचा डिंक पाघळतो, म्हणून वर पातळ चामड्याची टोपी शिवलेली बरी. फरी-गदगा या ढाल-काठीच्या खेळात गदग्याला, म्हणजे काठीला, चामडं असतंच. पावसाळ्यात मात्र टोपीला बुरशी येते, तेव्हा काढून वाळवता येईल अशी दोरीनं बांधा.

चेहऱ्याचा प्रश्न वेगळा. घरी क्रिकेटचं हेल्मेट असतं म्हणून तेच घालतात. त्याची जाळी चेंडू अडवायला असते, ३८ मि.मी.चं टोक त्या फटीतून आत जाऊ शकतं. अशा हेल्मेटवर तोंडावर टोकाचा वार पूर्ण बंद. बारीक पोलादी जाळीचा फेन्सिंगचा मुखवटा असेल तरच मुभा.

प्रत्येक सरावाआधी टोक टेबलावर दाबून बघा: १३ मि.मी. (अर्धा इंच) सहज आत जायला हवं आणि सोडल्यावर लगेच परत यायला हवं. आत कडक कड हाताला लागली, तर वरून नवी टेप चढवू नका. सगळं सोलून चकत्या बदला.