जांभळ्याचं पिवळं : रंग बदलणाऱ्या सीओटू डिटेक्टरसोबतचे सात महिने

मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या नवजात कक्षात हा डिटेक्टर येऊन सात महिने झाले. श्वासाची नळी आणि ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) यांच्या मध्ये बसवायची ही छोटीशी डबी. नळी श्वासनलिकेतच गेली का, हे ती सांगते. आतला कागद जांभळा असतो. बाळाच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला की पिवळा होतो, पुढचा श्वास दिला की पुन्हा जांभळा.

पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. धारणीकडून १०८ मधून १४०० ग्रॅमचं बाळ आलं, छाती आत ओढत, कण्हत. नळी टाकली. स्टेथोस्कोपने दोन्ही काखांत हवा ऐकू आली, नळीत वाफही दिसली. पूर्वी मी इथेच चिकटपट्टी लावून मोकळा झालो असतो. कागद मात्र सहा-सात श्वासांनंतरही जांभळाच. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "सर, पोट फुगून राह्यलं." नळी अन्ननळीत गेली होती. एवढ्याशा जिवाच्या पोटातला आवाज काखेपर्यंत पोचतो आणि वाफही फसवते. नळी काढली, मास्कने श्वास दिले, पुन्हा टाकली. दुसऱ्याच श्वासाला कागद पिवळा झाला. बाहेर बाळाचा बाप हात जोडून उभा होता, "वाचन ना जी पोरगं?" पोरगं वाचलं.

पण जांभळा दिसला की नळी उपसायचीच, असंही नाही. हृदयाचे ठोके फारच मंदावले तर फुप्फुसांत रक्त पोचत नाही. मग नळी जागेवर असूनही रंग बदलत नाही. हिवाळ्यात एकदा तसं झालं. लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं दिव्याचं उपकरण) घालून पुन्हा पाहिलं, नळी स्वरयंत्रातूनच गेली होती, म्हणून तशीच ठेवली.

नळी किती आत गेली याबद्दल ही डबी काहीच सांगत नाही. नळी उजव्या फुप्फुसात उतरली तरी कागद पिवळाच होतो. त्यासाठी किलोतलं वजन अधिक ६, म्हणजे त्या १४०० ग्रॅमच्या बाळाला नळीवरची ओठापाशी ७.४ सेंटिमीटरची खूण, आणि नंतर एक्स-रे. सरफॅक्टंट (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध), ॲड्रेनलिन (हृदयाचे ठोके वाढवणारं औषध) किंवा पोटातलं पाणी लागलं तर कागद पिवळा तो पिवळाच राहतो, म्हणून औषध देण्याआधी डबी काढतो. पाकीट आधीच फोडून ठेवायचं नाही, आणि फोडल्यावर कागद जांभळा नसेल तर ती डबी वापरायची नाही.

तक्रार एकच: वस्तू एकदाच वापरायची, आणि मध्ये दीड महिना साठाच आला नाही. त्या दिवसांत प्रत्येक नळीनंतर मला ती पावसाळी रात्र आठवायची. आता ट्रेमध्ये लॅरिंगोस्कोपशेजारी दोन कायम असतात. ड्यूटी बदलताना सिस्टर त्यांची मुदत बघतात.