मंडळाला किंवा ट्रस्टला नाशिकमध्ये सायकली ठेवायच्यात? स्टँडवरच्या की महिन्यावारी?

लोकांसाठी सायकली ठेवायच्या म्हणून बैठक बसली की गाडी लगेच 'कुठल्या कंपनीच्या घ्यायच्या' यावर जाते. माझ्या मते तो प्रश्न शेवटचा. आधी दोन गोष्टी ठरवा: रात्री सायकल कुठे उभी राहणार आणि तिचं पंक्चर कोण काढणार. नफ्यासाठी न चालवलेल्या योजना याच दोन गोष्टींवर तगतात किंवा बसतात.

बिनकुलपाच्या मोफत सायकली रस्त्यावर सोडायच्या, हा पर्याय लगेच बाजूला ठेवा. १९६५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रोव्हो चळवळीतल्या तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली अशाच ठेवल्या होत्या. कुलूप नाही म्हणून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये १९९४ मध्ये पिवळ्या सायकली सोडल्या, त्या चोरांनी आणि मोडतोडीने संपवल्या. कल्पना मोठ्या मनाची आहे, पण दुसऱ्यांच्या देणगीवर असा प्रयोग करू नये.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. एक, शहरभर स्टँड, एका ठिकाणी घ्या, दुसऱ्या ठिकाणी ठेवा. म्हैसूरची 'ट्रिन ट्रिन' ही त्याची आपल्या देशातली चांगली ओळख: २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा ४५० सायकली, ४८ स्टँड. पण हे आकडे नीट पाहा. आयटीडीपी ही वाहतूक क्षेत्रातली संस्था दर चौरस किलोमीटरला १० ते १६ स्टँड सुचवते. म्हणजे गंगापूर रोडला एक, पंचवटीत एक, नाशिकरोडला एक असे चार-पाच स्टँड मांडून काहीच साधत नाही. उतरल्यावर जवळ स्टँड नसेल तर माणूस सायकल घेतच नाही. शिवाय सकाळी पहिल्या पाळीला सगळ्या सायकली सातपूर-अंबडकडे जाणार आणि सिडकोतले स्टँड रिकामे पडणार. त्या परत आणायला टेम्पो, ड्रायव्हर, डिझेल. हा खर्च रोजचा आहे आणि प्रस्तावात तो हमखास राहून जातो.

पैशाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहराचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. 'नाइस राइड' ही ना-नफा संस्था २०१० मध्ये ७०० सायकली घेऊन उतरली आणि नावारूपाला आली. २०१८ मध्ये रोजचा कारभार खासगी कंपनीकडे गेला. पुढे मोठ्या प्रायोजकाने हात काढला आणि २०२३ मध्ये ती बंद पडली. डेन्व्हरची संस्थाही २०१० ते २०२० एवढीच चालली. पिट्सबर्गची २०१५ पासून टिकून आहे, म्हणजे हे अशक्य नाही. पण एकाच देणगीदाराच्या जिवावर स्टँडवाली योजना उभी करू नये, हे मी ठामपणे म्हणेन.

दुसरा पर्याय, महिन्यावारी किंवा सहामाहीच्या मुदतीने सायकल द्यायची. माणूस अनामत भरतो, सायकल घरी नेतो, महिन्यातून एकदा दाखवायला आणतो. इथे एक सायकल एकालाच मिळते, स्टँडवरची दिवसभरात अनेकांच्या हाती जाते, हा तोटा खराच. तरीही नाशिकच्या एखाद्या ट्रस्टसाठी मला हाच मार्ग बरा वाटतो. ॲप नको, टेम्पो नको, आणि सायकल रात्री कुणाच्या तरी जिन्याखाली सुरक्षित असते. पाथर्डी फाट्याहून अंबडला जाणारा कंत्राटी कामगार, कॉलेज रोडला शिकणारी होस्टेलची मुलगी, पहाटे ड्यूटीवर निघणारी आया: यांना रोज तीच, हमखास मिळणारी सायकल हवी असते. शहरात जुलै २०२१ पासून सिटीलिंक ही बससेवा आहे, पण घर ते थांबा हे अंतर पायीच तोडावं लागतं.

सायकलप्रेमाची इथे वाण नाही. नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनची पंढरपूरची सायकलवारी सगळ्यांना माहीत आहे. पण वारीची गिअरवाली वेगळी आणि डबा लावून कामावर जायची वेगळी. सरसकट लेडीज फ्रेम घ्या, साडीवरही बसता येतं. बिनगिअरची, मागे कॅरिअर, पुढे बास्केट, चेनवर पूर्ण कव्हर. हे कव्हर विसरू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सायकल भिजते. तेलपाणी नसलेली चेन तांबारते, करकर वाजू लागते, मग दात सोडते. ब्रेकचे रबर झिजून रिमला लोखंड घासतं, खड्ड्यांनी चाकाला आउट येतो. आऱ्या वेळेत ओढल्या तर थोडक्यात भागतं, नाहीतर पुढे रिमच बदलावी लागते.

म्हणून सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांकडचा सामाजिक कामासाठीचा, पैसा मागताना निम्मा भर मिस्त्रीच्या पगारावर ठेवा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. सायकली घेऊन द्यायला त्या सहज तयार होतात; तीन वर्षांच्या देखभालीचं लेखी घ्यायला मात्र आग्रह धरावा लागतो. तो धरा.

स्टँडवाली पद्धत कुठे निवडावी? गेट आणि वॉचमन असलेल्या बंद आवारात: मोठं कॉलेज, कारखान्याचं आवार. तिथे अंतर छोटं, चोरी कमी. नाशिकरोड स्टेशनसाठी मधला मार्ग आहे: नेदरलँड्सच्या रेल्वे स्टेशनांवर मिळणारी सायकल जिथून घेतली तिथेच आणून द्यायची असते, त्यामुळे ती इकडून तिकडे हलवावी लागत नाही.

पहिल्या वर्षी पंचवीस-तीस सायकली पुरे. एवढ्या एक मिस्त्री अर्धवेळ सांभाळू शकतो. अनामत ज्याला एकदम जड जाते त्याच्याकडून हप्त्याने घ्या, आणि रोख घ्या; स्मार्टफोनची अट घातलीत तर ज्यांच्यासाठी हे करताय त्यातले कितीतरी जण दारातूनच परत जातील.