तराजू की स्प्रिंगचा काटा?

भाची नववीत. विज्ञानाच्या प्रयोगासाठी दोनांपैकी काय घ्यावं, यावर तिचं अडलं होतं. "मामा, दोन्ही वजनच दाखवतात ना?" नाही, इथेच तर गंमत आहे.

तराजू एका पारड्यातली द्राक्षं दुसऱ्या पारड्यातल्या लोखंडी वजनाशी ताडून बघतो. पृथ्वी दोघांनाही सारखीच ओढते, म्हणून कळतं ते वस्तुमान, म्हणजे वस्तूत पदार्थ किती आहे ते. चंद्रावर नेला तरी किलोला किलोच भरेल. स्प्रिंग मात्र ओढ मोजते, म्हणजे खरं वजन: एका किलोला साधारण 9.8 न्यूटन (न्यूटन हे ओढ मोजायचं एकक). तोच काटा चंद्रावर एक किलोच्या जागी जेमतेम 165 ग्रॅम दाखवेल. (तबकडीवर किलो छापलेलं असतं, हेच सगळ्या घोळाचं मूळ!) नाशिकहून कळसूबाईच्या 1646 मीटर उंच माथ्यावर नेला तर? फरक पडतो, पण किलोमागे अर्धा ग्रॅमही नाही. तेवढा काट्यावर दिसणारच नाही.

टिकायला तराजू भारी. स्प्रिंग सैल पडते. आमच्या काट्याची सुई तर काही न टांगताच 50 ग्रॅमवर थांबते. पण तराजूबरोबर वजनांचं ओझं आलं, आणि दांडी स्थिर होईपर्यंत थांबणंही. काटा आकड्याला लटकवला की झालं.

वस्तुमान आणि वजन यांतला फरक समजावायचा असेल तर स्प्रिंगचा काटाच घे. लिफ्टमध्ये धर, सुई हलताना दिसेल. पंचवटीत द्राक्षं विकायची असतील तर तराजू.